वाट्याचं दुखणं

ज्ञानेश्वरी मॅडमच्या वर्गात भिंतीवरून बोटं चालवत हात वर न्यायला कावेरीला जमायचं. दुखायचं, पण जमायचं. जे दुखतं ते काम, अशी तिची जन्मभराची समजूत. तिला जमायचं नाही ते शेवटचं. सतरंजीवर उताणं पडायचं, डोळे मिटायचे आणि मॅडम सांगतील तिथं मन न्यायचं. आधी पायाचा अंगठा, मग घोटा, मग पोटरी. मॅडम मऊ आवाजात गुडघ्यापर्यंत आलेल्या असायच्या आणि कावेरी तोवर नांदेड सोडून लोह्याच्या पलीकडे, आपल्या रानात जाऊन कापसाच्या पाथीला, आपल्या वाटच्या ओळीला लागलेली असायची. आपली पाथ आत्ता कोण वेचत असेल, एवढाच विचार. उत्तरही तिला ठाऊक असायचं. केवळा वेचत असेल. दुसरं आहे कोण?

केवळाबाई म्हणजे कावेरीची धाकटी जाऊ. कावेरीचे अर्जुनराव आणि केवळाचा हनुमंत हे दोघे भाऊ, रान एक, चूल एक आणि चुलीपाशी या दोघी. गावात जावा-जावांच्या भांडणाला तोटा नव्हता. या दोघींचं मात्र पटायचं, आणि काही लोकांना त्याचंही वाईट वाटायचं.

कावेरीच्या छातीतली डाव्या बाजूची गाठ कॅन्सरची निघाली. लातूरला ऑपरेशन झालं, ती बाजू काढून टाकली. मग सलाईनमधून औषधं, मग रेडिएशनचा शेक. एवढ्यातून ती वाचून घरी आली तेव्हा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता, त्याला सूज यायची आणि झोप तर पार उडाली होती. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नांदेडला अशा बायकांसाठी वर्ग चालतो, तुम्हाला जवळ पडेल, जा. वर्ग म्हणजे एका बंद पडलेल्या शिकवणीची वरची खोली. ज्ञानेश्वरी मॅडम शिकलेल्या फिजिओथेरपिस्ट. आधी व्यायाम घ्यायच्या, मग श्वास आणि शेवटी ते पडून राहणं. पडून राहण्याला त्या योगनिद्रा म्हणायच्या. अर्जुनराव त्याला तिकीट काढून झोपणं म्हणायचे.

ते चेष्टेनं म्हणायचे. कावेरीला ते खरं वाटायचं. ऐन वेचणीत सगळं घर उन्हात वाकलेलं आणि ही बाई पंख्याखाली डोळे मिटून पडलेली. एकदा तिनं वर्गातच विचारलं, "मॅडम, नुस्तं पडून कुणी बरं होतंय का?"

"पडून नाही हो, लक्ष देऊन," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही आपल्या अंगाकडे कधी लक्ष दिलंय?"

"दिलं न्हाई म्हणून तर इथं आले."

सगळ्या हसल्या, मॅडमही हसल्या. पण वर्ग सुटल्यावर त्यांनी कावेरीला थांबवून सांगितलं, की घरी एकटीनं करू नका, एकटीचं चार दिवसांत सुटतं. घरातलं एक माणूस धरा आणि त्याला शिकवा. शिकवायला लागलं की आपलंही होतं.

घरातलं एक माणूस म्हणजे केवळा. अर्जुनरावांना पाडून डोळे मिटायला लावणं शक्य होतं, पण मग जेवायच्या वेळेलाच उठवावं लागलं असतं.

तर सकाळी चहा झाला, पुरुष माणसं रानाकडे गेली, की दोघी माजघरात चटई टाकायच्या. कावेरी मॅडमचा आवाज काढायची. "आता उजव्या पायाचा अंगठा. आता घोटा." केवळाला पहिल्या दिवशी घोट्यापाशीच घोरणं लागलं. दुसऱ्या दिवशी गुडघ्यापाशी. कावेरी हसून तिला हलवायची, "अगं, अजून कंबर ऱ्हायली." केवळा डोळे चोळत उठायची आणि म्हणायची, "लई भारी हाय आक्का तुमचं हे औषध. मला बी बिमार पाडा."

मग केवळाचं झोपणं बंद झालं. कावेरीला वाटलं, सवय झाली असेल. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात यायला लागली. पोटापर्यंत केवळा निवांत असायची. "आता छाती" म्हटलं की तिचा श्वास अडायचा आणि डोळे न उघडता ती म्हणायची, "पुढं चला आक्का." गळा, तोंड, कपाळ हे सगळं तिला चालायचं. छाती मात्र नको.

मॅडमनी वर्गात सांगितलं होतं, जिथं जायला मन कुरकुरतं तिथं थोडं जास्त थांबायचं. कावेरीला आपलं वाटलं, केवळाला हनुमंताचं काही लागलं असेल, पोरीची आठवण येत असेल. केवळाची दीपाली बारावीला लातूरला होती, वसतिगृहात. म्हणून त्या सकाळी केवळा "पुढं चला" म्हणाली तेव्हा कावेरी पुढे गेली नाही.

"थांब तिथंच," ती म्हणाली. "श्वास घे. तिथं काय हाय ते बघ."

केवळाच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दोन्ही बाजूंनी कानाकडे वाहायला लागलं. तिला शांत करायला कावेरीनं तिच्या छातीवर हात ठेवला. केवळानं झटकन मनगट धरलं, पण तोवर हात पोचला होता. सुपारीएवढी गाठ. ती बोटांखालून सरकली आणि परत जागेवर आली. कावेरीला कुणी सांगायची गरज नव्हती. अशी एक गाठ तिनं स्वतःच्या अंगावर बाळगली होती.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"अन् सांगितलं कामून न्हाईस?"

केवळा उठून बसली, पदरानं तोंड पुसलं. "सांगायचं नसतंय आक्का. नवस पुरा होईस्तोवर बोलून दाखवायचा नसतो."

मग तिनं सांगितलं. उन्हाळ्यात कावेरी औषधांनी पार गळाली होती, पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं, तेव्हा केवळा हनुमंताबरोबर माहूरला रेणुकामातेला जाऊन आली होती. घरातले सगळे समजत होते, तिनं खणा-नारळाची ओटी बोलली असेल.

"खण-नारळ काय, कुणीबी देतंय," केवळा म्हणाली. "म्या म्हणले, आक्काच्या वाटचं मला दे अन् त्यांला मोकळं कर. तिनं ऐकलं. तुमी उठून बसलात, अन् हे माझ्याकडं आलं."

"काय बोलून राहिलीस तू? असं कुणी मागतंय का?"

"एरंडाचं पान म्या बांधलं होतं ना."

 ते खरं होतं. मागच्या वर्षी, अशाच वेचणीच्या दिवसांत, कावेरीनं आपली गाठ पहिल्यांदा दाखवली ती केवळालाच. नवऱ्याला काय दाखवायचं, आणि दवाखान्यात तर पुरुष डॉक्टर. केवळानं एरंडाचं पान तव्यावर गरम करून बांधलं. उतरंल म्हणाली. वेचणी संपेपर्यंत रोज पान बदलत राहिली. पुढे लातूरला डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होता, तेव्हा केवळा पलंगाच्या उशाशी उभी होती. तिला कुणी काही म्हटलं नव्हतं. कावेरीच्या तर मनातही आलं नव्हतं. दोघींनी मिळून केलेली चूक होती ती. पण केवळानं ती सगळी एकटीच्या नावावर करून घेतली आणि फेडायला माहूरला गेली.

आता इथं कावेरीनं तिला पोटाशी धरलं, रडली, म्हणाली की वेडी आहेस का, हे सगळं झालं. ते कुणीही केलं असतं. पण त्याच्या आधी एक क्षण असा होता, की केवळा म्हणाली "हे माझ्याकडं आलं" आणि कावेरीला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा. डोकीवरचा भारा कुणी मागून उचलून घ्यावा तसं हलकं वाटलं. गेलं, आपलं गेलं, असं मन म्हणालं. लगेच तिला स्वतःची किळस आली. तरी ते म्हटलं गेलं ते गेलंच.

"कुणाला सांगायचं न्हाई," केवळानं तिचा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला. "दीपालीची आन हाय तुमाला."

पोरीची आन घातल्यावर कावेरी कुणाला बोलली नाही.

पण नुसत्या आनेपायी ती गप्प होती असं कुणी समजू नये. गप्प राहायला तिनं पुष्कळ कारणं गोळा केली. हनुमंत घाबरा माणूस, हाय खाईल. दीपालीची परीक्षा तोंडावर. वेचणी अर्धी राहिलेली. आणि वेचणी संपल्यावर आपली तपासणी आहेच लातूरला, तेव्हा केवळाला बरोबर न्यावं, म्हणजे एका खेपेत होईल. अशी एकेक गोष्ट ती मनात मांडत होती आणि तिला कळत होतं, की मागच्या वर्षीही नेमकं असंच झालं होतं. वेचणी होऊ दे, मग बघू. उशीर म्हणजे काय ते त्या घरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? अंगावरून हात फिरवला की ठाऊक व्हायचं.

आणि वाईट म्हणजे तिची तब्येत सुधारत होती. हाताची सूज उतरली. भाकरीला चव लागायला लागली. डोळ्याला डोळा लागायला लागला. अर्जुनराव खूश. "मॅडमच्या हाताला गुण हाय बरं का," ते म्हणाले. "आता म्या चेष्टा करणार न्हाई. झोप तू बिनघोर." कावेरीनं ताटात मान घातली. समोर केवळा भाकऱ्या थापत होती आणि तिच्याकडे बघून कौतुकानं हसत होती. लावलेलं रोप तरारल्यावर हसतात तशी. कावेरीला ओरडून सांगावंसं वाटलं, की नको हसूस, मला लाज वाटते. पण ती म्हणाली, "एक भाकर अजून टाक." भूक खरंच लागलेली होती.

सकाळची चटई चालूच होती. केवळा आता छातीपाशी अडत नव्हती. लपवायचं काही राहिलं नव्हतं तिला. अडत होती कावेरी. "आता छाती" म्हणताना तिचाच आवाज बसायचा आणि ती घाईघाईनं गळ्यावर जायची.

पुढच्या खेपेला वर्गात मॅडमनी नवीन काही घेतलं. सगळ्या पडल्यावर त्या म्हणाल्या, "आपल्या जवळचं एक माणूस डोळ्यांपुढे आणा. कुणीही चालेल. आता श्वास सोडताना त्याला मनात म्हणा, तुझं भलं होवो." बायका शांतपणे श्वास सोडायला लागल्या. कुणाला नातू दिसत असेल, कुणाला आई. कावेरीला केवळा दिसली, कंबरेला कापसाची ओटी बांधलेली, पाथीत वाकलेली. तुझं भलं होवो, असं म्हणायला ती गेली आणि तिच्या तोंडून शब्द निघेना. मनातल्या मनातसुद्धा निघेना. ती उठून बसली, चपला घातल्या आणि जिन्यात जाऊन उभी राहिली.

वर्ग सुटल्यावर मॅडम बाहेर आल्या. "हात दुखला का?"

"न्हाई."

"मग?"

कावेरीनं जिन्यातच सगळं सांगितलं. आन घातली होती, पण मॅडम गावातल्या नव्हत्या, एवढी पळवाट तिनं स्वतःला दिली. मॅडमचा मऊ आवाज फक्त वर्गापुरता होता. ऐकता ऐकता त्यांचं तोंड लाल झालं.

"आणि तुम्ही हे कळल्यापासून गप्प आहात?"

"तिनं पोरीची आन घातली."

"ते असू दे. तुम्ही कशासाठी थांबलात?"

कावेरी कठड्याला धरून उभी होती. खाली रस्त्यावर रिक्षावाले गुरुद्वाऱ्याच्या गिऱ्हाइकांना हाका मारत होते. मॅडम जिना अडवून उभ्या होत्या, जायलाही जागा नव्हती.

"मला भ्या वाटतंय मॅडम," ती शेवटी म्हणाली. "ती दवाखान्यात जाईल, बरी होईल, अन् मंग ते कुठंतरी जाईलच ना? माझ्याकडंच येईल."

मॅडम यावर रागावतील, अडाणी म्हणतील, असं तिला वाटलं होतं. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.  मॅडम म्हणाल्या, "असं होत नसतं, हे मी तुम्हाला शंभरदा सांगेन. तुम्ही मान हलवाल आणि घरी जाऊन परत गप्प बसाल. हे मला सांगून काही उपयोग नाही, कावेरीताई. जिला सांगायला पाहिजे तिला सांगा. भीतीसकट सांगा."

लोह्याची बस पकडून, पुढे जीपनं ती गावात उतरली ती घरी गेलीच नाही. हातातली पिशवी तशीच घेऊन रानात गेली. ऊन कलायला लागलं होतं. बाकीच्या बाया चिंचेखाली पाणी प्यायला बसल्या होत्या. केवळा एकटीच पाथीत होती. कावेरीची पाथ तिनं अर्धी ओढली होती.

"लवकर आलात आक्का? चहा घेतला का?"

"केवळा, इकडं बघ. मला तुला एक सांगायचंय."

"बोला की." केवळाचे हात थांबले नव्हते.

"त्या दिवशी तू म्हणलीस, हे माझ्याकडं आलं. तवा मला बरं वाटलं." कावेरीनं पिशवी खाली ठेवली. "तुझ्यासाठी रडले ते नंतर. आधी बरं वाटलं. गेलं माझं, असं वाटलं. तवापासून मी तुला दवाखान्यात चल म्हणले न्हाई, ते आनेमुळं न्हाई. माझं मला परत येईल म्हणून. मी अशी हाय. तू कुणासाठी मागितलंस ते बघ."

ती शिवीची वाट बघत होती. केवळानं बोंडातला कापूस ओढला, ओटीत टाकला आणि पुढच्या झाडाला हात घातला.

"बरं वाटणारच की," ती म्हणाली. "त्याच्यासाठीच तर मागितलं."

कावेरी तिथं ढेकळात बसली.  भांडायला तयार होऊन आलेल्या माणसाला कुणी पाट मांडून द्यावा, तशी गत झाली तिची.

"मोड तो नवस," ती खालूनच म्हणाली.

"मोडता येत असतो का? दिलेलं परत घेतल्यावाणी हुईल. मी दवाखान्यात जाऊन काढून टाकलं, तर ती म्हणंल, हिला नको तर ज्याचं त्याला. मंग तुमी. न्हाई आक्का, ते बोलूच नका."

"तुला काय झालं तर दीपालीनं कुणाच्या तोंडाकडं बघावं?"

"तुमच्या," केवळा म्हणाली. लगेच म्हणाली. म्हणजे तिनं त्याचाही विचार करून ठेवला होता.

हे ऐकल्यावर कावेरीला राग आला. केवळाचा आला, देवीचा आला आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. एवढा व्यवहार झाला आपल्या अंगावरून आणि आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. आणि आपण मात्र तो गुपचूप घेतला. ती उठली. माहूर कुठल्या दिशेला ते तिला नीट ठाऊक नव्हतं, तिनं आपलं किनवटकडच्या बाजूला तोंड केलं आणि हात जोडले.

"आई," ती मोठ्यानं म्हणाली, "माझ्या जावेनं माझ्या नावानं मागितलं. मला विचारलं न्हाई."

"आक्का, काय करून राहिलात?" केवळा पाथीतून बाहेर आली.

पुढचं वाक्य तिला लगेच म्हणता येईना. तोंडानं म्हणायला काय जातं, असं शिकलेल्या माणसाला वाटेल. तिला तसं वाटत नव्हतं. तिला सलाईनची बाटली दिसली, बादली दिसली, उशीवर गळून पडलेले केस दिसले.  अजूनही हात सोडून घरी जाता आलं असतं.

"दुखणं माझं हाय," ती म्हणाली. "माझ्या वाटचं माझं मला परत दे. तिला मोकळं कर."

केवळानं येऊन तिचे जोडलेले हात हिसकून सोडवले, पण बोललेलं बोलून झालं होतं. चिंचेखालच्या बाया बघायला लागल्या. केवळा रडत होती आणि रागानं तिच्या दंडावर बुक्क्या मारत होती. दुखऱ्या हातावर मात्र तिनं एकही बुक्की मारली नाही.

"आता तुझ्यापाशी देवीचं काही न्हाई," कावेरी म्हणाली. तिचे दात वाजत होते. "नुस्ती गाठ हाय. चल लातूरला."

केवळाला जायला आता काही कारण अडवत नव्हतं. आन कावेरीनं मोडली ती संध्याकाळी, सगळ्यांच्या देखत, जेवायच्या ताटावर. हनुमंत खरंच हाय खाऊन बसला. अर्जुनराव ताट बाजूला सारून म्हणाले, "कापूस ऱ्हाऊ दे रानात." त्या घरात असं वाक्य आधी कुणी ऐकलं नव्हतं.

लातूरला सोनोग्राफी झाली, सुई टोचून गाठीतलं तपासायला घेतलं. रिपोर्ट यायला वेळ होता, त्यासाठी पुन्हा लातूरला जावं लागणार होतं. ते मधले दिवस कावेरीनं चटईवर काढले म्हटलं तरी चालेल. पायाचा अंगठा, घोटा, पोटरी. मन पळून रानात जात नव्हतं आता. ते तिच्याच छातीवर, जिथं काही उरलं नव्हतं तिथं, ठाण मांडून बसायचं आणि काही येतंय का ते चाचपत राहायचं. केवळा शेजारी पडलेली असायची. तीही झोपत नव्हती.

रिपोर्ट घ्यायला दोघी आत गेल्या. हनुमंताला आत यायचा धीर झाला नाही, तो चहा आणतो म्हणून खाली पळाला. डॉक्टर तरुण होते, त्यांनी कागद वाचला आणि हसून म्हणाले, "साधी गाठ आहे. कॅन्सरची नाही. सहा महिन्यांनी परत दाखवा, काळजीचं काही नाही."

कावेरीनं देवाचं नाव घेतलं. केवळाच्या तोंडावर काहीच उमटलं नाही. तिनं डॉक्टरांना विचारलं, "अन् यांचं?"

"यांचं काय?"

"यांला परत आलं का?"

डॉक्टरांना काही कळलं नाही. यांची तपासणी पुढच्या महिन्यात आहे ना, तेव्हा बघू, असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारायला सांगितलं.

बाहेर बाकड्यावर बसल्यावर केवळाला रडू फुटलं. सुटल्याचं रडू नव्हतं ते. समोरची एक बाई कळवळून बघायला लागली, तिला वाटलं असेल, वाईटच निघालं.

"तिनं घेतलंच नव्हतं का आक्का?" केवळा म्हणाली. "का तुमी परत मागितलं म्हणून देऊन टाकलं?"

 मॅडमना विचारलं असतं तर त्यांनी एका वाक्यात उत्तर दिलं असतं आणि ते बरोबरही असतं. पण कावेरीच्या पोटात भीती होती ती होतीच. पुढचा महिना तिला काढायचा होता. फक्त इतके दिवस केवळाकडे बघताना नजर खाली जायची, ती आज गेली नाही. तिनं तिच्याकडे नीट बघितलं. केवळाचं नाक लाल झालं होतं, कुंकू पसरलं होतं. एक्केचाळीस वर्षांची बाई, शाळेतल्या पोरीसारखी मुसमुसत होती. हिच्या अंगात काही नाही. हे आता दीपालीला सांगता येईल, एवढं तरी आपल्या हातानं झालं.

"रडू नको," ती म्हणाली. "माझं मी बघंन. भ्या वाटतंय, पण माझं हाय ते."

"मी येणार तुमच्यासंगं पुढच्या महिन्याला."

"ये. पण आधी कबूल कर, परत काही मागणार न्हाईस."

केवळानं नाक पुसलं.

"केवळा."

केवळानं तोंड भिंतीकडे फिरवलं. पदर डोक्यावरून पुढे ओढला, हात पदराखाली घेतले. कावेरीला वाटलं, डोळे पुसत असेल. मग तिनं वाकून बघितलं. पदराखाली केवळाचे हात जोडलेले होते आणि ओठ हलत होते.

कावेरीनं पुढे होऊन तिच्या तोंडावर हात दाबला. केवळा मान सोडवायला लागली. येणारी-जाणारी माणसं थांबून बघत होती. हनुमंत चहा घेऊन वर आला तरी कावेरीनं हात काढला नाही.